पान चाळीस

फैजपूरला, नगरपालिकेच्या शाळेमागे माझं दुकान.
एक मशीन, एक इस्त्री, मापाच्या अकरा वह्या.
निम्म्या गावाच्या बाया मला आकड्यांनी पाठ आहेत
आणि आकडे मी कुणाजवळ बोलत नाही.

हर्षाली बोरोले. वही सातवी, पान चाळीस.
कॉलेजात होती तेव्हापासून एकच सांगणं:
गळा वर घे, मावशी, पुढून दोन बोटं सैल ठेव.
दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे चर,
माझं बोट आडवं बसेल एवढे.
वैशाखात खालची कातडी सोलायची.
पावडर, कापूस, परत पावडर.

नोकरी केळीच्या वजनकाट्यावर.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
संध्याकाळी मान धरून यायची
आणि माझ्या बाकावर आडवी व्हायची,
कापडाच्या गठ्ठ्याची उशी करून.

दिवाळी झाल्यावर आली ती कागद घेऊन.
जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेला, दोन पानी.
"वाच ना वं मावशी, एकटीले भ्या वाटते."
चष्मा लावला. बॉबिन भरता भरता वाचलं.

आधी उभं करून पेनानं रेघा आखतील.
(मी खडूनं आखते. इथवर समजलं.)
भूल पूर्ण. तीन-चार तास.
दोन्हीकडे नळ्या, बाटलीत लालसर पाणी, दोनेक दिवस.
कुशीवर झोपायचं नाही. बादली उचलायची नाही.
घट्ट पट्टा, दिवसरात्र, सहा आठवडे.
"मग थंडीतच उरकून घे," मी म्हटलं,
"उन्हाळ्यात फैजपुरात पट्टा? शिजशील."
टाक्यांचा वण: बोंडाभोवती गोल,
तिथून सरळ खाली, घडीत आडवा.
आधी लाल, मग तपकिरी, वर्षा-दीड वर्षानं फिकट.
पुसला जाणार नाही.
दोन्ही बाजू अगदी सारख्या येतीलच असं नाही.
(एका ब्लाउजच्या दोन बाह्या तरी कुठे येतात?)
बोंडं बधिर राहू शकतात.
पुढे दूध पाजता येईलच असं नाही.

इथे माझा पाय मशीनवरून निघाला.
बाहेर भरताच्या वांग्यांवरून कुणी घासाघीस करत होतं.
"लगनाचा पत्ता नाही, मावशी,
दूध कोनाले पाजू?"
ती हसली.
मी ती ओळ परत एकदा वाचली, मोठ्यानं,
कारण सही तिला करायची होती.

काकू म्हणाल्या, शौक.
भाऊ म्हणाला, एवढ्या पैशात स्कूटर आली असती.
आई काही बोलली नाही,
फक्त मला निरोप पाठवला: पुढून बटणांचे गाऊन शीव.
हात वर जाणार नाही, डोक्यातून घालता येणार नाही,
हे तिला कागद न वाचता कळलं होतं.
मी चार शिवले. शिलाई घेतली नाही.

पाचव्या दिवशी रात्री फोन.
रडत होती.
दुखतंय का? नाही. ताप? नाही.
"आरशात पाहिलं. सुजलेलं, चौकोनी, कोनाचं आहे तेच कळत नाही."
मी काय सांगणार होते?
नव्या कापडाला एक पाणी तरी लागू दे, म्हटलं.
फोन चालूच ठेवला तिनं, बराच वेळ.
मी काजं करत बसले, ती ऐकत असावी.

महिन्याभरानं हिशेब तिनंच सांगितला,
काट्यावरच्या बाईसारखा:
"डावीकडचं सहाशे चाळीस ग्रॅम, उजवीकडचं पाचशे नव्वद.
लेखी आहे माझ्याकडे."

परवा आली. मामेबहिणीचं लग्न आहे सावद्याला.
म्हटलं, सहा महिने तरी होऊ दे, आकार अजून बसायचाय.
ऐकेना. टेप लावली.
खांद्यांवरचे चर तसेच होते, नुसतेच, काही न पेलता.
उजव्या बाजूला टेप लागली ते तिला समजलं नाही.
डाव्या बाजूला म्हणाली, गार आहे.

पान चाळीसवरचा जुना आकडा खोडला नाही.
खाली नवा लिहिला, पेन्सिलनं.

"पुढून दोन बोटं सैल?" सवयीनं विचारलं मी.
तिनं आरशात पाहिलं, बाजूनं, मग समोरून,
ओढणी खांद्यावर घेतली, परत काढली.

"एक ठेव," म्हणाली.